संगणकावरील हजारो दस्तऐवजांत हवा तो कागद लवकर सापडावा, यासाठी फाइल इंडेक्सिंगचा खरोखर उपयोग होतो का?

आपल्या संगणकावर वीसेक हजार वर्ड आणि पीडीएफ फाइली आहेत, मजकुरातला एखादा शब्द शोधायला प्रत्येक वेळी दहा-दहा मिनिटे जातात, आणि इंडेक्सिंग सुरू केले तर संगणक आणखी मंदावेल अशी भीती आपल्याला वाटते, असा आपला प्रश्न मी समजलो आहे. उपयोग निश्चित होतो. मात्र मी सांगलीत एका वकिलांच्या कार्यालयात गेली अनेक वर्षे दस्तांच्या टंकलेखनाचे काम करतो, आणि त्या अनुभवावरून सांगतो की मराठी फाइलींच्या बाबतीत इंडेक्सिंग चालू करणे हा कामाचा सोपा भाग आहे.

ज्यांनी कधी घर किंवा जमीन घेतली आहे त्यांना 'इंडेक्स टू' म्हणजे सूची क्रमांक २ ठाऊक असते. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे दुय्यम निबंधक कार्यालयात पक्षकारांच्या नावांची एक आणि मिळकतींची दुसरी अशा सूची ठेवल्या जातात, त्यामुळे एखाद्या गटनंबरचा व्यवहार पाहण्यासाठी प्रत्येक दस्त उघडावा लागत नाही. संगणकाचा इंडेक्स हेच करतो, फक्त तो मजकुरातल्या प्रत्येक शब्दापुढे तो शब्द कोणकोणत्या फाइलींत आहे याची यादी आधीच करून ठेवतो. ही यादी नसेल तेव्हा संगणक वीस हजार फाइली एकामागून एक उघडून वाचत बसतो, आणि आपली दहा मिनिटे तिथेच जातात.

विंडोजमध्ये ही सोय असतेच, पण मूळ मांडणीत ती डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स अशा मोजक्या फोल्डरांपुरती असते. आपल्याकडे मात्र संगणक बसवून देणारा माणूस पहिलाच सल्ला देतो की महत्त्वाच्या फाइली डी ड्राइव्हवर ठेवा, आणि आपण तो इमानेइतबारे पाळतो. म्हणजे नेमक्या कामाच्या फाइली इंडेक्सच्या बाहेर राहतात. स्टार्टच्या शोधचौकटीत 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' टंकून ती खिडकी उघडावी, 'मॉडिफाय' दाबून आपले फोल्डर निवडावे, आणि 'ॲडव्हान्स्ड'मधील 'फाइल टाइप्स' या भागात वर्ड व पीडीएफ यांच्यासाठी केवळ गुणधर्म नव्हे तर फाइलीतील मजकूरही नोंदवण्याचा पर्याय निवडलेला आहे याची खात्री करावी. फाइली दुसऱ्या संगणकावरून सामायिक केलेल्या असतील, तर ज्या संगणकावर त्या प्रत्यक्ष आहेत त्यावरच हे करावे.

मंदावण्याची भीती फारशी खरी नाही. पहिल्यांदा यादी तयार व्हायला काही तास लागतात, पण आपण काम करत असताना इंडेक्सर स्वतःच हात आखडता घेतो, म्हणून संगणक एक रात्र चालू ठेवला की बहुतेक काम उरकते. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे इंडेक्सचा आकार साधारणपणे मूळ फाइलींच्या दहा टक्क्यांहून कमी राहतो, आणि नोंदी चार लाखांच्या पुढे गेल्यावर वेगाच्या तक्रारी सुरू होऊ शकतात. आपण त्या मर्यादेपासून पुष्कळ दूर आहात.

आता खरा अडथळा सांगतो. जुन्या मराठी फाइलींपैकी पुष्कळशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत), आणि अशा फाइलीत आपल्याला देवनागरी दिसत असली तरी आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे. कृतिदेव फॉन्टमध्ये 'क' साठी डी हे अक्षर आणि कान्यासाठी के हे अक्षर असते, त्यामुळे आपण टंकलेला 'काका' हा शब्द फाइलीत 'डीकेडीके' असा पडून राहतो आणि इंडेक्सही तो तसाच नोंदवतो. युनिकोडमध्ये 'काका' शोधल्यावर तो मिळणार कसा? तीच रोमन अक्षरे शोधचौकटीत टंकली तर काही शब्द सापडतातही. ही युक्ती आम्ही वर्षभर वापरली. पण त्याच फॉन्टमध्ये 'य' अर्धविरामाच्या कळीवर आहे, आणि अर्धविराम दिसला की इंडेक्स शब्द संपला असे समजतो, म्हणून 'न्यायालय' असा रोजच्या वापरातला शब्द तुकड्यातुकड्यांत मोडून पडतो. यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे जुन्या फाइली फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणणे. आम्ही सगळ्या फाइली एकदम न घेता, जी फाइल कामासाठी उघडली ती त्याच दिवशी बदलायची असा रिवाज ठेवला आहे.

दुसरा अडथळा स्कॅनचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या गावभागातील कार्यालयात शिरले, तेव्हा वाचलेली कागदपत्रे वाळवून आम्ही तीन आठवडे स्कॅन करत होतो. आता सगळे संगणकात आले, शोधले की मिळेल, असे मी वकीलसाहेबांना मोठ्या विश्वासाने सांगितले होते. पहिलाच पक्षकार समोर बसलेला असताना शोधाचे उत्तर शून्य आले. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे कागदाचे छायाचित्र, आणि त्यात अक्षरे नसल्यामुळे इंडेक्सला नोंदवायला काहीच नसते. अक्षरओळख करणारी प्रणाली आधी चालवावी लागते. टेसरॅक्ट ही मोफत प्रणाली मराठी वाचते आणि चित्राच्या मागे मजकुराचा थर असलेली पीडीएफ तयार करून देते, मात्र स्कॅन ३०० डीपीआयचे (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) आणि सरळ असावे. छापील दस्तांवर तिचा चांगला उपयोग होतो. हस्तलिखित फेरफार किंवा मोडीतील जुने कागद यांच्यासाठी तिच्यावर विसंबू नये. अशा कागदांच्या फाइलीच्या नावातच गाव, गटनंबर, वर्ष आणि दस्ताचा प्रकार लिहावा, कारण नाव इंडेक्समध्ये येतेच. नुसते नावच शोधायचे असेल तर 'एव्हरीथिंग' नावाचा मोफत प्रोग्रॅम विंडोजपेक्षाही चपळ आहे.

शोधताना आपल्या भाषेचा स्वभावही लक्षात ठेवावा लागतो. विंडोज शब्दाची सुरुवात जुळवून पाहते, त्यामुळे 'खरेदीखत' टंकल्यावर 'खरेदीखताचा' मिळतो, पण 'कूळ' टंकले तर 'कुळाचे' मिळत नाही, कारण सामान्यरूपात दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. 'सातबारा' शोधला तर 'सातबाऱ्यावर' निसटतो, शिवाय 'ऱ्या' हे जोडाक्षर दोन निराळ्या सांकेतिक क्रमांनी टंकता येते. म्हणून मी 'सातबा' एवढेच टंकतो आणि थांबतो. आकडे देवनागरीत आहेत की रोमन, हेही दोन्ही प्रकारे तपासून पाहावे.

आपण आधी डी ड्राइव्ह जोडून संगणक रात्रभर चालू ठेवावा. सकाळी ज्या शब्दाचे उत्तर येणार नाही तो शब्द ज्या फाइलीत नक्की आहे ती उघडावी आणि त्यातला मजकूर माऊसने निवडून पाहावा. निवडताच येत नसेल तर ते स्कॅन आहे. निवडता येत असेल, तर फॉन्टचे नाव बघावे: मंगल, कोकिळा किंवा निर्मला असेल तर फाइल युनिकोडमध्ये आहे आणि दोष शब्दाच्या रूपात किंवा इंडेक्सच्या मांडणीत शोधावा, 'कृतिदेव', 'श्री-देव' किंवा 'डीव्हीबी' अशा नावाचा फॉन्ट असेल तर फाइल आधी परिवर्तकाकडे न्यावी.