कोळसा जाणार असेल तर को-फायरिंग शिकून काय करू?

तुझं पत्र वाचलं. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस, कोळशासोबत लाकडाचा बायोमास जाळून (म्हणजेच को-फायरिंग करून) उत्सर्जन कमी करायचा प्रोजेक्ट मिळालाय आणि बाबा म्हणतायत की कोळसाच बंद होणार, यात करिअर कसलं. बाबांची काळजी बरोबर आहे, पण त्यांना इंग्लंडच्या ड्रॅक्स या वीजनिर्मिती प्लांटचं सांग. तिथे 2013 पासून सहापैकी चार युनिट लाकडाच्या पेलेटवर, म्हणजे दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर, नेली, 2021 मध्ये कोळशावरची नेहमीची वीजनिर्मिती थांबली, आणि पेलेटवरची युनिट त्यानंतरही चालू राहिली.

बाहेरून वाटतं कोळशात लाकूड टाकलं की झालं. पण कोळसा ठिसूळ, मिलमध्ये त्याची बारीक पावडर होते, लाकूड तंतुमय, ते तसं दळलं जात नाही, त्यामुळे प्रमाण साधारण 5-10 टक्क्यांच्या वर गेलं की बहुतेक ठिकाणी वेगळी मिल नाहीतर वेगळे बर्नर बसवावे लागतात. ताज्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचंच, म्हणून सुकवून पेलेट करतात, किंवा 200 ते 300 अंशांवर जवळजवळ ऑक्सिजनशिवाय भाजतात, त्याला टॉरिफॅक्शन म्हणतात, मग ते बऱ्यापैकी कोळशासारखं दळतं. राखेतलं पोटॅशियम बॉयलरच्या ट्यूबवर थर धरतं, साठवलेले पेलेट आतून तापून पेट घेऊ शकतात, धुळीचा स्फोट होऊ शकतो. हे सांभाळणारी माणसं कागद आणि सिमेंटच्या कारखान्यांनाही लागतात, म्हणून मला हे शिक्षण वाया जाईल असं अजिबात वाटत नाही.

फक्त एका बाबतीत डोळे उघडे ठेव. लाकडात सल्फर फार कमी, त्यामुळे सल्फर डायऑक्साइड खरंच घटतो, पण चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तेवढ्याच विजेमागे कमी होत नाही, उलट थोडा जास्तच असू शकतो. फायदा धरतात तो झाडं परत वाढून तो कार्बन शोषतील या हिशोबावर. सॉ मिलचा भुसा जाळला, जो नाहीतर कुजलाच असता, तर हिशोब बराच लवकर जुळतो, अख्खी झाडं तोडलीस तर कित्येक दशकं लागू शकतात. मुलाखतीत हे विचारतील, आणि समजा नाही विचारलं तरी तुला माहीत असायलाच हवं.

म्हणून प्रोजेक्टमध्ये नुसती बॉयलरची एफिशियन्सी काढून थांबू नकोस, कोळसा आणि भुशाची वेगवेगळी मिश्रणं करून राख किती अंशांना वितळते ते लॅबमध्ये बघ, आणि सोबत लाइफ सायकल असेसमेंटचा, म्हणजे इंधनाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या उत्सर्जनाचा हिशोब मांडण्याचा, एखादा कोर्स कर. पुढे एमटेक करायचंच असेल तर कंबशनवर (ज्वलनावर) काम करणारा गाइड आधी शोध, कॉलेजचं नाव नंतर बघू.