माळेची शपथ आणि मित्राचा जीव

‘मित्राला जगायचं नाही असं तो म्हणतोय, आणि कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातलीय. त्याच्या घरी सांगितलं तर विश्वासघात होईल का?’ विशीतली मुलं हा प्रश्न मला वारंवार विचारतात; बहुतेकदा स्वतःचं दुसरंच दुखणं सांगता सांगता. माझं उत्तर आधीच देते. नाही होत. सांगा, आणि आजच सांगा. पण हे उत्तर पचवणं एका मुलाला किती जड गेलं, ते इथे लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याला आई घेऊन आली होती. वय तेवीस, आळंदीला राहून वारकरी शिक्षण घेतलेला, पखवाजावर हात बसलेला. गावातली म्हातारी माणसंही त्याला ‘महाराज’ म्हणत. आईची काळजी निराळीच होती. रात्र रात्र घराबाहेर असतो, लग्नाचा विषय काढला की उठून जातो. पोरगा घरदार सोडून जायच्या वाटेवर आहे की काय! तो निमूट ऐकत होता. “मला काही त्रास नाही, ताई,” एवढंच म्हणाला.

आई बाहेर गेल्यावरही तेच. मग पहिल्या भेटीत सगळ्यांना सांगते ते मी त्यालाही सांगितलं : इथलं बोलणं माझ्यापाशीच राहतं, फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प राहत नाही. तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. “म्हणजे तुम्हीसुद्धा सांगता?”

लहानपणापासूनचा मित्र. डाळिंबाची बाग तेल्या रोगात गेली, डोक्यावर कर्ज, ठरलेलं लग्न मोडलेलं. एका रात्री मित्राने मन मोकळं केलं आणि लगेच याच्या गळ्यातल्या तुळशीमाळेची शपथ घातली. तेव्हापासून हा रोज जेवण उरकून मित्राच्या शेतातल्या वस्तीवर जायचा, त्याच्याजवळ बसून हरिपाठ म्हणायचा, त्याला झोप लागली तरी स्वतः जागा राहायचा. एकादशीखेरीज आणखी उपास धरले होते. हे सगळं एकट्याने, आणि चेहऱ्यावर रेषही न हलवता.

माळकऱ्याला ती शपथ मोडणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. तिच्यावर मी वाद घातला नाही. इतकंच विचारलं, “त्याने हे तुलाच का सांगितलं असेल?” तो खूप वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मी काहीतरी करीन म्हणून.”

पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं राहिलं. मित्राच्या पाठीमागे नव्हे, आधी त्याच्याच तोंडावर बोलायचं ठरलं : ‘मी एकटा पुरा पडत नाही. तुझ्या दादाला सांगणार आहे. तू बरोबर असलास तर बरं, नसलास तरी सांगणार.’ जीव द्यायचा विचार अजून येतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारायचं. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट माणूस सुटल्यासारखा बोलू लागतो. आणि त्याच दिवशी वस्तीवरची फवारणीची औषधं उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायची. हे शेवटचं काम साधं वाटतं, पण मी त्याला सर्वांत जास्त महत्त्व देते. तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो, आणि तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

पोलीस केस होईल का, ही भीतीही होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. इथे तर प्रयत्नही झालेला नव्हता.

त्याच्या स्वतःच्या शांतपणाबद्दलही बोलावं लागलं. ती शांती खोटी नव्हती. साधनेतून आलेलं ते बळ होतं, त्यामुळेच तो रात्रीमागून रात्री बसू शकला. पण रडू आलं तर साधना कमी पडली, असं त्याने मनाशी धरलं होतं. १२९६ साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तेव्हाचा नामदेवांचा शोक त्यांच्या अभंगांत आजही आहे आणि हा मुलगा कार्तिकात आळंदीला तेच अभंग टाळकऱ्यांत उभा राहून गात आला होता. ते मी आठवून दिलं. नामदेवांची भक्ती कमी होती, असं कोण म्हणेल? त्या दिवशी तो रडला.

मित्र चिडला. “माळ घालून खोटा निघालास,” म्हणाला आणि बोलणं टाकलं. हा तरी वस्तीवर जात राहिला, आता मित्राच्या थोरल्या भावाबरोबर पाळी लावून. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्या काळात सोबत लागतेच. पुढे एकदा मित्र स्वतःच तपासणीला निघाला आणि याला म्हणाला, “चल, गाडी काढ.” दोघांत त्यावर आणखी काही बोलणं झालं नाही.

आईला मी त्याच्या संमतीने खरं कारण सांगितलं. लग्नाचा विषय मात्र अजून निघालेला नाही.

तुमच्यावर अशी शपथ असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. ज्याला त्रास आहे त्यानेच फोन केला पाहिजे असं नाही. ‘माझा मित्र असं म्हणतोय, मी काय करू?’ एवढं विचारायलाही तो लावता येतो.