घोडं नेमकं पेंड कुठे खातंय?

प्रश्न (मूळ पत्र थोडक्यात): मी ४१ वर्षांची आहे. गेली १२ वर्षं एका घोडेस्वारीच्या शाळेत शिकवते. मालक आता थकले आहेत. जमीन, तबेला, १४ घोडे, सामान आणि चालू शाळा असं सगळं एकगठ्ठा मला द्यायला ते तयार आहेत. किमतीचा पाव हिस्सा आमची बचत आहे. निम्मी रक्कम बँक १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी देईल, पण राहतं घर तारण मागते. उरलेला पाव हिस्सा मालकांना दोन वर्षांनी एकरकमी द्यायचा. मिस्टरांची नोकरी आहे, मुलगी १३ वर्षांची आहे. घ्यावं का? हिशेब, धड्यांची वही आणि घोड्यांची यादी सोबत पाठवते.

उत्तर: ताई, आधी निर्णय सांगतो, कारणं मग. शाळा घ्या. जमीन आज घेऊ नका, तीन वर्षांनी घ्या. आणि घर कोणत्याही परिस्थितीत तारण ठेवू नका.

तुमच्या पत्रात ‘एकगठ्ठा’ हा शब्द तीनदा आलाय, आणि घोडं तिथेच पेंड खातंय. मालक तुम्हाला एक वस्तू विकत नाहीत, चार वस्तू विकताहेत, आणि त्या चारींचा स्वभाव एकमेकींशी जुळत नाही. सोयीसाठी एकूण किंमत १०० धरू. मालकांच्या मांडणीनुसार त्यात जमीन आणि बांधकाम ७०, घोडे १५, खोगिरं-लगाम-गाडी वगैरे ५, आणि शाळेचं नाव व गिऱ्हाइकी १०. जमीन टिकते. घोडा रोज खातो, म्हातारा होतो, एका रात्रीत लंगडूही शकतो. सामान झिजतं. आणि नावाचं काय, ते पुढे सांगतो. या चारींना एकाच कर्जाच्या दावणीला बांधलं, तर जे घोडं पाच वर्षांनी कामाचं उरणार नाही त्याचा हप्ता तुम्ही पंधरा वर्षं भरत राहाल.

आता मालकांचा नफा पाहू. त्यांनी वर्षाचा नफा ११ दाखवलाय आणि बँकेचा वर्षाचा हप्ता साडेसहाच्या आत बसतो. कागदावर भरपूर जागा दिसते. पण त्या ११ मध्ये मालकांनी स्वतःचा पगार धरलेलाच नाही. सकाळच्या चार तुकड्या ते स्वतः घेतात, हिशेब त्यांच्या पत्नी बघतात, आणि दोघांचे कष्ट फुकटात मोजलेत. ती कामं तुम्हाला कुणाकडून तरी करून घ्यावी लागतील किंवा स्वतः करावी लागतील. त्याचे किमान ३ काढा. घोडे म्हातारे होतात म्हणून दरवर्षी नव्या घोड्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम हिशेबात कुठेच नाही, तिचे दीड काढा. कुंपण, छप्पर आणि रिंगणातली वाळू यांचा १ काढा. उरले साडेपाच. म्हणजे हप्ता साडेसहाच्या घरात आणि हातात साडेपाच. कर्ज देणारी कुठलीही शहाणी संस्था हप्त्याच्या किमान सव्वापट शिल्लक बघते. इथे एकपटही नाही. बँक तरीही तयार झाली याचा अर्थ तिला धंदा पटला असा नाही. ती तुमच्या घराकडे बघून तयार झाली आहे. आणि दोन वर्षांनी मालकांना द्यायचे २५ तर यात आलेलेच नाहीत.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो धड्यांच्या वहीवर. तुम्ही पाठवलेल्या सहा महिन्यांच्या पानांवर मी प्रत्येक घोड्याच्या नावापुढे खुणा करत गेलो. यादीत घोडे १४, पण वहीत पुन्हा पुन्हा येणारी नावं नऊच. उरलेल्या पाचांत दोन घोडे २२ वर्षांच्या पुढचे, एकाचा पुढचा पाय वर्षभर दुखरा, एक पैदाशीची घोडी आणि एक तीन वर्षांचं, पाठीवर अजून कुणी न बसलेलं पोर. नालबंदाच्या पावत्यांवर मात्र दर सहा-आठ आठवड्यांनी चौदाच्या चौदा नावं आहेत. खूर वाढायचा थांबत नाही, घोडा कमावता असो वा नसो.

पैदाशीची घोडी आणि ते पोर म्हणजे ‘पुढची गुंतवणूक’ असं मालकांनी लिहिलंय. त्यांच्यासाठी असेल. आज घोडी फळवली तर शिंगरू अकरा महिन्यांनी, त्याच्या पाठीवर माणूस बसायला तीन-चार वर्षं, आणि दहा वर्षांच्या नवशिक्या मुलाला सुखरूप फिरवून आणण्याइतका शांतपणा यायला त्यानंतर आणखी काही वर्षं. तोवर तुमच्या कर्जाची अर्धी मुदत संपायला आलेली असेल. कर्जाच्या पैशांनी हा वेळ विकत घेऊ नये.

एका घोड्याच्या पोटाचा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको, पण तो कागदावर मांडलेला मला तुमच्याकडे दिसला नाही, म्हणून सांगतो. पाचशे किलोचा घोडा वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे दिवसाला दहा किलो सुकी वैरण खातो. चौदा घोड्यांची वर्षाची वैरण पन्नास टनांवर जाते. थंड दिवसांतही एकेकाला तीस लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हात काम केलं की त्याहून बरंच जास्त. आणि लीद दिवसाला वीस-पंचवीस किलो. चौदांची वर्षाची लीद शंभर टनांच्या पुढे! ती आज कुठे जाते, कोण उचलतं, त्याचे पैसे मालक देतात की त्यांना मिळतात, हे विचारा. शेजारचा शेतकरी मालकांच्या ओळखीखातर फुकट नेत असेल, तर ती ओळख खरेदीखतात येत नाही. विहिरीचं किंवा नळाचं पाणी कुणाच्या नावावर आहे, आणि त्या जमिनीवर शाळा चालवायची परवानगी जमिनीला आहे की मालकांना, हेही कागद बघूनच मानायचं.

वैरण, चंदी (दाणा), नालबंद, डॉक्टर, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) असं सगळं धरून तुमच्या हिशेबात एका घोड्यामागे वर्षाला ०.४ पडतात. न कमावणारे पाच घोडे घेतले नाहीत तर वर्षाला २ वाचतात. साडेपाचाचे साडेसात होतात. एवढा फरक व्याजदरावर घासाघीस करून कधीच पडला नसता.

आता त्या नावाच्या किमतीकडे येतो. हे लिहिताना मला खरोखर वाईट वाटलं. १२ वर्षं मुलांना कोण शिकवतंय? पालक फोन कुणाला करतात? स्पर्धेला कुणाबरोबर जातात? वहीत सत्तर टक्के तुकड्यांपुढे तुमची आद्याक्षरं आहेत. ताई, ती गिऱ्हाइकी तुम्ही कमावली आहे. स्वतःच्याच कष्टांचे १० तुम्ही मालकांना द्यायचे आणि त्यावर बँकेला व्याजही भरायचं, हे मला मान्य नाही. मालकांशी तुमचे संबंध चांगले आहेत, ते तसेच राहू द्या. पण हा आकडा शून्यावर आणा, आणि बोलताना अवघडू नका.

मग काय करायचं?

मालकांना सांगा: कामाचे नऊ घोडे मी आज रोखीनं घेते, जमीन-तबेला सामानासकट तीन वर्षं भाड्यानं घेते, आणि तीन वर्षांनंतर आज ठरलेल्या किमतीला ती विकत घ्यायचा हक्क मला लेखी द्या. इथे एका शब्दावर अडून बसा. ‘विकायची झाली तर आधी तुम्हाला विचारू’ हा वेगळा हक्क आहे. त्यात किंमत दुसरा कुणी ठरवतो, आणि विकायचं की नाही हे मालक ठरवतात. तुम्हाला हवाय तो ठरलेल्या किमतीला, ठरलेल्या मुदतीत विकत घेण्याचा हक्क, रीतसर नोंदवलेला, मालकांच्या वारसांवरही बंधनकारक असलेला. मालक थकले आहेत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून वारसांचं कलम वकिलाकडून दोनदा वाचून घ्या.

तुमच्या २५ पैकी नऊ घोड्यांना १० लागतील. ६ वेगळे काढा आणि त्यांना हात लावू नका. उरलेले ९ जमिनीसाठी जपा. भाडं वर्षाला साडेतीन ठरलं तर साडेसातातून ते जाऊन ४ उरतात. कर आणि अडीअडचणी जाऊन ३ धरा. तीन वर्षांत ९, आधीचे ९, झाले १८. जमिनीच्या ७० साठी कर्ज लागेल ५२ चं. वीस वर्षांच्या मुदतीनं, याच दरानं वर्षाचा हप्ता साधारण ६. भाडं तेव्हा बंद झालेलं असेल, म्हणजे हातात साडेसात. सव्वापट जमली. शिवाय बँकेपुढे तेव्हा मालकांचे नाही, तुमच्या नावाचे तीन वर्षांचे हिशेब असतील, आणि तारण जमिनीचंच. जमिनीचं मूल्यांकन करून घेताना दोन आकडे मागा: चालू घोडेशाळा म्हणून किंमत किती, आणि तबेला-रिंगणाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाला नुसती जमीन म्हणून किती. हे दोन आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर किंमत कमी करून घ्यायला हरकत नाही, कारण वेळ पडली तर गिऱ्हाईक बहुधा दुसऱ्या प्रकारचंच मिळतं.

त्या राखीव ६ बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझा एक अशील याच जागी बुडताना मी पाहिला आहे. त्यानं कर्ज काढून तबेला घेतला, राखीव काही ठेवलं नाही. आठव्या महिन्यात नवा घोडा आणला आणि थेट बाकीच्यांच्या शेजारी बांधला. आठवड्याभरात त्याच्या नाकातून पू, जबड्याखाली गाठी. स्ट्रँगल्स, घोड्यांचा संसर्गजन्य रोग. हा रोग बादलीतून, हातातून, खोगिरावरून पसरतो. तबेला कित्येक आठवडे बंद राहिला. धडे बंद, खाणं चालू, हप्ता ठरल्या तारखेला. हप्त्यासाठी त्यानं बरे झालेले दोन सर्वांत शांत घोडे विकले. शाळा उघडली तेव्हा लहान मुलांना बसवायला घोडेच नव्हते, म्हणून मुलं गेली, आणि पुढचे हप्तेही गेले. त्यानं माझ्यासमोर वही बंद केली तो आवाज मला अजून आठवतो. तुमचं भाडं आणि नऊ घोड्यांचा खर्च मिळून वर्षाला ७ च्या थोडं वर जातो. ६ म्हणजे दहा महिने. त्याला तीन महिनेही मिळाले नव्हते. नवा घोडा आला की दोन-तीन आठवडे वेगळा, त्याची बादली वेगळी, त्याचा खरारा वेगळा.

नऊही घोड्यांची तपासणी तुम्ही नेमलेल्या डॉक्टरकडून करून घ्या, मालकांच्या नेहमीच्या नव्हे. पाय दुमडून धरून लगेच दुडकीत पळवून बघणं, खुरांचे एक्स-रे, दात, डोळे, हृदय. रक्ताचा नमुना घेऊन ठेवायला सांगा, म्हणजे त्या दिवशी वेदनाशामक दिलेलं नव्हतं ना हे नंतरही कळू शकतं. तुम्ही या घोड्यांना बारा वर्षं ओळखता, तरीही करा. माया असली की लंगडणं उशिरा दिसतं.

विमा तीन ठिकाणी हवा: घोडेस्वार पडला तर तुमच्यावर येणारी जबाबदारी, घोड्यांचा मृत्यू, आणि तुम्ही स्वतः. तिसरा लोक विसरतात. तुमचं कंबरडं सहा महिने धरलं तर सत्तर टक्के तुकड्या बंद. अपंगत्व आणि उत्पन्न बुडण्याचा विमा घ्या, आणि अर्जात घोडेस्वारी शिकवते असं स्पष्ट लिहा. ते लपवलं तर दावा अडकतो.

उत्पन्न वाढवायला जास्त धडे घेऊ, असं तुम्ही पत्राच्या शेवटी म्हटलंय. शाळेच्या घोड्याला दिवसाला दोन-तीन तासांवर काम देऊ नये आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. हप्त्याची भीती असताना हा नियम पहिला मोडतो, म्हणूनच मी हप्ता कमी करण्यामागे लागलोय.

राहिली ती करडी घोडी. २३ वर्षांची, जिच्यावर तुमची मुलगी पहिल्यांदा बसली. ‘तिला कुणाला विकून टाकतील’ ही भीती तुम्ही दोन ओळींत लिहून पुढे गेलात, पण मला वाटतं अर्धं पत्र त्या दोन ओळींसाठी होतं. घोडी अजून पाच-सात वर्षं जगू शकेल. वर्षाला ०.४ म्हणजे सहा वर्षांचे २.४ होतात. तिला घ्या. पण धंद्याच्या खात्यातून नाही, घरच्या खर्चातून, मिस्टरांशी बसून ठरवून, मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढून झाल्यावर. उरलेल्या चौघांची सोय मालकांनी कुठे करायची हे करारात लिहून घ्या.

मालक भाड्याला तयार झाले नाहीत, तर त्यांच्याकडे सगळं एकगठ्ठा घेणारं दुसरं गिऱ्हाईक खरोखर आहे का, हे आधी बघा. बारा वर्षं तिथे शिकवणारी व्यक्ती सोबत येणार नसेल, तर त्या १०० ची किंमत बरीच खाली येते, आणि हे मालकांनाही ठाऊक आहे. बोलणी झाली की डॉक्टरचा अहवाल आणि कराराचा मसुदा पाठवा. सही करण्याआधी पाठवा.