नाशकात परत येतेस, तर क्लाउडच्या धंद्याविषयी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "सर, हिंजवडीची नोकरी सोडून नाशकात सर्व्हिस कंपनी काढायचं मनात आहे, पण सगळंच क्लाउडवर गेलं तर आपल्यासारख्यांना काम काय उरणार?" मी तेव्हा गाडीत होतो, नीट बोलता आलं नाही. प्रश्न मोठा आहे, म्हणून सावकाश लिहितोय.

२०१६ साली हाच प्रश्न माझ्याही छातीवर येऊन बसला होता. आमची कंपनी तेव्हा सर्व्हर विकायची आणि त्याची एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचं कंत्राट, घ्यायची, पोट त्यावरच. त्या जूनमध्ये ॲमेझॉनने मुंबईत क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मशीन वापरायला द्यायची सेवा, सुरू केला. मायक्रोसॉफ्ट आदल्या सप्टेंबरातच पुणे, मुंबई, चेन्नईत आली होती, आणि २०१७ मध्ये गूगलही मुंबईत आली. तशी ॲमेझॉनची ही सेवा २००६ पासूनची, पण तोवर आम्ही मशीन घ्यायचो सिंगापूरला. सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंटंटने टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा टाइप केला की तो स्क्रीनवर उमटायला डोळ्यांना जाणवेल इतका वेळ लागायचा. त्या बिचाऱ्याने दोन दिवसांत हात जोडले. तीच टॅली मुंबईहून लावून दिली, तर शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर चालल्यासारखी चालली. तेव्हाच मी घरी येऊन सांगितलं, आपला हार्डवेअरचा धंदा आता आटणार. आणि तो आटलाच. पण कंपनी उभी आहे, आणि पगारावर माणसं तेव्हापेक्षा जास्त आहेत.

ते कसं झालं, हे सांगायचं तर तुला २०१९ च्या ऑगस्टात न्यावं लागेल. तू तेव्हा कॉलेजात असशील. गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर आकडे विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, एवढंच विचारतो. त्या दिवशी मारुती दिसतच नव्हता. भांडी बाजारातल्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या दुकानात पाणी शिरलं. सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कपाटात, वरच्या फळीवर. ती जागा मीच ठरवून दिली होती. दोन्ही पाण्यात गेलं. तीन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा डिस्कमधून गाळ निघाला.

शेटजींच्या सीएकडे जीएसटी रिटर्नसाठी १० जुलैला दिलेला डेटा होता, तेवढा वाचला. पुढच्या पंचवीस दिवसांच्या नोंदी ओल्या बिलबुकांवरून परत कराव्या लागल्या. कार्बनच्या प्रती एकमेकींना चिकटलेल्या. शेटजींच्या सूनबाई एकेक पान सुटं करून, वर फडकं ठेवून, हलक्या इस्त्रीने वाळवत होत्या आणि माझ्या कंपनीतली दोन मुलं शेजारी बसून एंट्री करत होती. शेटजी मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात मला आमचा धंदा समजला. शेटजी मला बारा वर्षं पैसे देत होते ते सर्व्हरचे नव्हेत. हिशेब बुडणार नाही, ही काळजी माझ्या गळ्यात घालून ते निवांत गल्ल्यावर बसत होते. मशीन जिन्याखाली असो की मुंबईत, ती काळजी घेणारं कुणीतरी लागतंच. ॲमेझॉन-मायक्रोसॉफ्ट ती घेत नाहीत, आणि करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. इमारत, वीज, मशीन, नेटवर्क एवढं त्यांच्याकडे. त्यावर ठेवलेला डेटा, कुणाला कुठपर्यंत शिरकाव द्यायचा, पासवर्ड, बॅकअप, सगळं ग्राहकाकडे. आणि आपल्या अंबड-सातपूरच्या कारखानदाराला यातलं काही करायला ना माणूस परवडतो ना वेळ असतो. तुझी जागा तिथे आहे.

आता पहिली चूक टाळ. क्लाउडची जागा विकून कमिशन खायचं आणि त्यावर कंपनी चालवायची, असं बरेच जण करतात. त्यात मिळणारा पैसा तुटपुंजा, आणि उद्या कुणी चार रुपये कमी सांगितले की गिऱ्हाईक गेलं. खातं ग्राहकाच्या नावावर, त्याच्या जीएसटी नंबरवर उघड. बिल त्याला थेट येऊ दे, १८ टक्क्यांचं क्रेडिटही त्यालाच मिळू दे. तू तुझ्या देखरेखीचे पैसे वेगळे घे, दरमहा, ठरवून. आणि मुख्य खात्याचा ईमेल आणि मोबाइल मालकाचाच ठेव. हे मी फार कळकळीने सांगतोय. आमच्याकडे एक डॉक्टर आले होते, त्यांच्या आधीच्या माणसाने पैशाच्या वादात मुख्य पासवर्डच अडकवून ठेवला होता. पेशंटची सहा वर्षांची कागदपत्रं आत, आणि दवाखाना बाहेर. कुणाच्या रोजीरोटीची चावी अशी खिशात घालून फिरू नये. ग्राहकाला तुला सोडून जाता आलं पाहिजे, तरच तो मनापासून तुझ्याकडे राहतो.

क्लाउडने नवं काम नेमकं कुठे निर्माण होतं, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दिंडोरीचं आहे. तिथल्या एका द्राक्ष निर्यातदाराचं काम आमच्याकडे आहे. त्याचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. या चार महिन्यांत पॅकहाउस रात्रंदिवस चालतं. कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटचा माल कुठल्या पेटीत, कुठल्या पॅलेटवर गेला, फवारणीच्या औषधांच्या उर्वरित अंशाचा रिपोर्ट काय आला, कंटेनर न्हावाशेव्याला कधी निघाला, हे सगळं नोंदवावं लागतं. युरोपच्या मालासाठी अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही माग काढण्याची पद्धत २००६ पासूनच आहे, त्यामुळे नोंद चुकली तर कंटेनर अडतो. मे महिन्यात मात्र पॅकहाउसला कुलूप आणि संगणकावर दोन माणसं.

पूर्वी मी त्याला चार महिन्यांच्या गर्दीच्या मापाचा सर्व्हर विकला असता, आणि तो उरलेले आठ महिने धूळ खात पडला असता. आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही क्लाउडवरचं भाड्याचं मशीन मोठं करतो, मे उजाडला की लहान करतो. वाचतात त्या पैशांतला काही भाग तो आम्हाला आनंदाने देतो, कारण हे केव्हा करायचं ते ओळखायला बागेची छाटणी कधी झाली, पावसाने माल पुढे गेला का, हे माहीत असावं लागतं. हिंजवडीत बसून तुझ्या आत्ताच्या कंपनीला ते कळणार नाही. निफाडच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला कळतं. तुझं भांडवल हेच आहे, बाळ. २०२७ च्या सिंहस्थात हॉटेलं, गाड्यावाले, यात्रा कंपन्या यांनाही अशीच थोड्या दिवसांची मोठी मशीनं लागतील. ते काम जरूर घे, पण माणसं त्याच्या भरवशावर कायमची भरू नकोस.

बिलाचं काम हा दुसरा मोठा भाग. लोक क्लाउडवर जातात आणि तिसऱ्या महिन्यात बिल बघून हबकतात. इंदिरानगरच्या एका इंजिनिअरिंग फर्मचं मशीन चोवीस तास चालू होतं. महिन्याचे ७२० तास. ऑफिस मात्र दहा तास, महिन्यातले २६ दिवस, म्हणजे २६० तासच. सकाळी आपोआप सुरू आणि रात्री बंद होईल असं लावून दिलं, तर मशीनचा खर्च जवळपास तिसऱ्या हिश्शावर आला. डिस्कचं भाडं मात्र मशीन बंद असलं तरी चालूच राहतं, ते आधीच सांगून ठेव, नाहीतर "बंद असताना पैसे कसले?" म्हणून फोन येतो. डेटा आत नेताना पैसे पडत नाहीत, बाहेर काढताना पडतात. विसरलेल्या जुन्या प्रती महिनोन्महिने भाडं खातात. दर डॉलरमध्ये आणि बिल रुपयांत असलं, की रुपया घसरताच बिल चढतं, हे कोटेशनच्या कागदावरच लिही. आणि खर्चाची मर्यादा ओलांडली की येणारा इशारा पहिल्या दिवशीच लाव. तो नुसता कळवतो, खर्च थांबवत नाही. थांबवायला आपण जागं असावं लागतं.

सुरक्षेबाबत एक चूक माझ्या हातून झाली, ती तुझ्या हातून होऊ नये म्हणून सांगतो. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका वाहतूक व्यवसायाचं मशीन लावताना घाईत मी रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून मशीन वापरायचं, ३३८९ नंबरचं दार सगळ्या जगाला उघडं ठेवलं. "उद्या बंद करू" म्हटलं आणि राहिलं. सोमवारी सकाळी त्यांचा क्लार्क फोनवर म्हणाला, "साहेब, फायलींची नावं बदललीत." सगळं कुलूपबंद झालं होतं आणि खंडणीची चिठ्ठी पडली होती. पुराच्या धड्यानंतर आम्ही एक प्रत दुसऱ्याच खात्यात ठेवायला लागलो होतो, म्हणून एका दिवसाच्या कामावर निभावलं. व्हीपीएन म्हणजे मशीनपर्यंतचा खाजगी सुरक्षित रस्ता, मोबाइलवर कोड, आणि प्रत्येकाला कामापुरताच शिरकाव, यात कुणाच्याही आग्रहाला बळी पडू नकोस. मालकाच्याही नाही.

बॅकअप तर घेशीलच. पण महिन्यातून एकदा तो परत आणून दाखव. आम्ही पहिल्या शनिवारी ग्राहकासमोर बसून जुन्या प्रतीवरून टॅली वेगळ्या मशीनवर उभी करतो, ट्रायल बॅलन्स उघडतो, अकाउंटंट आकडा जुळवतो आणि वहीत सही करतो. पाऊण तासाचं काम. भांडी बाजारचे शेटजी पहिल्यांदा हे बघत असताना चष्मा काढून बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले होते. त्या सहीच्या वहीने आम्हाला जेवढी नवी गिऱ्हाइकं दिली, तेवढी कुठल्याही जाहिरातीने दिली नाहीत.

कायद्यानेही काम वाढवलंय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, काय बदललं याचा माग राहिला पाहिजे, आणि हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा, हे तर २०२२ पासूनच आहे. अंबडच्या प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांना हे ऑडिटर मार्चअखेरीस सांगतात, तू ऑक्टोबरात सांग. सायबर हल्ला झाला तर लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं आणि लॉग, म्हणजे मशीनने आपोआप केलेल्या नोंदी, १८० दिवस जपायचे, हे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. दवाखाने, शाळा, क्लास यांच्यासाठी २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे. मोठ्या गाडी कंपन्या आता सुटे भाग करणाऱ्यांनाही माहितीच्या सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली पाठवतात. ती भरून देणं, आणि भरलेलं खरं करून दाखवणं, एवढ्यावर दोन माणसांचा पगार निघतो.

सगळं क्लाउडवर ढकलू मात्र नकोस. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या, मशीनला जोडलेला संगणक, जडजड ड्रॉइंगच्या फायली, हे कारखान्यातच राहू दे. आपल्याकडे रस्ता खोदला की केबल तुटते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्याशिवाय कुणाची बिलिंगची खिडकी क्लाउडवर नेऊ नकोस. "तुम्हाला याची गरज नाही" हे वाक्य मी वर्षातून चार-पाच वेळा तरी म्हणतो. त्यातले दोघे-तिघे पुढे दुसरं काम घेऊन आले.

पैशाचं एक. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आधी कर, आणि पैसे ४५ दिवसांत मिळतील असं करारात लिहून घे. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याचा आधार त्याला आहे. संकोच करू नकोस. पहिल्या वर्षी मी संकोचलो आणि मुलांचा पगार हिच्या पाटल्या गहाण ठेवून दिला.

सर्टिफिकेटं तुझ्याकडे आहेत, चांगलंच आहे. पण काम सुरू करण्याआधी दोन दिवस एखाद्या अकाउंटंटच्या शेजारी बस. तो कुठली फाइल कुठे ठेवतो, पेन ड्राइव्ह कुणाला देतो, संध्याकाळी काय बंद करायला विसरतो, ते बघ. पुढल्या सोमवारी तू येतेयस ना? अकरा वाजता ऑफिसवर ये, अंबडला एका स्प्रिंग बनवणाऱ्यांकडे जायचंय. त्यांचा सर्व्हर नऊ वर्षांचा झालाय आणि मालकांना धास्ती वाटते. लॅपटॉप राहू दे, वही आण. मी बोलणार नाही, प्रश्न तू विचारायचेस.

तुझे,
सर