इंजिनाचे दोन लाख आणि पॉलिसीचा तिसरा हप्ता

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी नाशिकचा, वय 37, सातपूरला नोकरी, हातात 68 हजार येतात. पत्नी घर सांभाळते, मुलगी पहिलीत आहे. गृहकर्ज 32 लाख शिल्लक. माझ्या साडेचार वर्षं जुन्या डिझेल गाडीचं इंजिन कसारा घाटात सीझ झालं. एक्स्टेंडेड वॉरंटी चालू आहे, पण एक सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजमध्ये केली म्हणून शोरूमवाले वॉरंटी द्यायला तयार नाहीत. म्हणतात, ऑइलचा गाळ झालाय. एस्टिमेट 2 लाख 10 हजार. अडीच लाखांची एफडी आहे, पण एप्रिलमध्ये पॉलिसीचा 1 लाख 20 हजारांचा तिसरा हप्ता त्यातूनच भरायचा आहे, म्हणून तिला हात लावायचा नाही. गृहकर्जाच्या वेळी बँकेने ती पॉलिसी दिली होती : 10 वर्षं हप्ते, 20 वर्षांनी 24 लाख, एकदम दामदुप्पट. तर 14 टक्क्यांनी पर्सनल लोन काढून गाडी सोडवू, की ग्राहक मंचात जाऊ? मित्र म्हणतो, इंजिनाचे पैसे आणि वर मनस्तापाचे पाच लाख मिळतील.

उत्तर : आधी गाडीचं सांगते, कारण ती शोरूममध्ये अडकली आहे.

तुम्ही बाहेरच्या सर्व्हिसच्या बिलाचा फोटो पाठवलात, ते फार बरं केलंत. त्यावर ऑइलचा ग्रेड आहे, फिल्टरचा पार्ट नंबर आहे, किलोमीटर आहेत. हा कागद तुमच्या बाजूचा आहे. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तेव्हा हेही बजावलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं, आणि एक्स्टेंडेड वॉरंटी हा वेगळा करार असतो, त्यामुळे त्याच्या अटी शब्दन्‌शब्द वाचा. पण ‘बाहेर सर्व्हिस केली’ एवढ्यावर त्यांना थांबू देऊ नका. त्या सर्व्हिसमुळेच इंजिन कसं बसलं, ते कारण लेखी मागा.

इंजिन अजून उघडलं नसेल, तर स्वतंत्र सर्व्हेअर समोर असल्याशिवाय उघडू देऊ नका. उघडलं असेल तर फोटो, जॉब कार्डची प्रत आणि जुने पार्ट ताब्यात घ्या. ‘ग्राहकाची चूक मान्य’ अशा अर्थाच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळदा कंपनीचं वरचं ऑफिस तिथून हलतं आणि खर्च अर्धा-अर्धा करायला तयार होतं. तशी तयारी दिसली तर घ्या.

ग्राहक आयोगात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक मंचात, जाता येतं, नाशिकमध्येच जाता येतं, दोन वर्षांची मुदत आहे. मात्र मित्राचे पाच लाख डोक्यातून काढा. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि मनस्तापाची भरपाई बहुतेक वेळा हजारांत असते. गाडी लगेच हवी असेल तर बिलावर ‘हरकत राखून पैसे भरत आहे’ असं लिहून पैसे भरा, गाडी आणा आणि भांडण चालू ठेवा.

पैसे मात्र एफडीतून भरा, लोन नको. दोन लाखांचं तीन वर्षांचं लोन म्हणजे 45 हजारांच्या वर व्याज.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, ते. पत्र वाचताना मी गाडीपाशी थांबलेच नाही, त्या हप्त्यापाशी थांबले.

12 लाख भरून 20 वर्षांनी 24 लाख. तुमचा रुपया त्यांच्याकडे सरासरी साडेपंधरा वर्षं राहतो आणि दुप्पट होतो. पैसे दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी 72 ला भागलं की व्याजाचा दर अंदाजे कळतो. 72 ला साडेपंधराने भागा : पावणेपाच टक्क्यांच्याही किंचित खाली. हेच 1 लाख 20 हजार दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले असते, तर आजच्या 7.1 टक्क्यांनी विसाव्या वर्षी 35 लाख झाले असते. म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या पॉलिसीचा हप्ता वाचवायला तुम्ही 14 टक्क्यांचं कर्ज काढायला निघाला आहात.

आणि याहून वाईट गोष्ट पॉलिसीच्या कागदावरच आहे. ‘24 लाख’ ठळक छापलंय, त्याच्या तीन ओळी खाली मृत्यूनंतरची रक्कम : 12 लाख. घरावर कर्ज 32 लाख. तुम्हाला काही झालं, तर तुमच्या पत्नीच्या अंगावर 20 लाखांचं कर्ज उरतं, हातात पगार नाही आणि मुलगी पहिलीत. वर्षाला सव्वा लाख घेऊन ज्याने तुम्हाला एवढंच कवच दिलं, त्याने तुमच्या घराचा विचार केलेला नाही. ‘पॉलिसी घेतली तर लोन लवकर होईल’ असं सांगितलं असेल तर ते नियमाला धरून नव्हतं. ते मेसेज फोनमध्ये असतील तर जपा आणि बँक व विमा कंपनी, दोघांकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे, तिथे फी लागत नाही.

आता तोडायची की चालू ठेवायची? कंपनीकडून सरेंडरचा (आत्ता तोडली तर हातात येणारा) आणि पेड-अपचा (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारा) आकडा लेखी मागवा. जुन्या नियमांच्या पॉलिसीत दोन हप्त्यांनंतर कमीत कमी 30 टक्के, म्हणजे 70 हजारांच्या आसपास मिळतात. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांत बसत असेल तर जास्त. भरलेले 2 लाख 40 हजार बघून जीव तुटेल, मला कळतं. तरी हिशेब असा : हाती आलेले 70 हजार इंजिनावर संपले असं धरा आणि उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये टाका, विसाव्या वर्षी 26 लाख होतात. त्यातून टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणाऱ्या विम्याचा, हप्ता वजा केला तर रक्कम 24 लाखांच्या खाली येते, पण कवच 12 लाखांऐवजी 1 कोटीचं होतं. मी तुमच्या जागी असते तर बाहेर पडले असते.

क्रम मात्र उलटा करू नका. आधी 1 कोटीचा टर्म. तुमच्या वयाला वर्षाला साधारण 15 ते 20 हजार लागतील. तंबाखू, बीपी, जे असेल ते खरं लिहा, मेडिकल द्या. ती पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी तोडू नका. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे सगळं बसतं. फक्त बँकेत जाऊन ऑटो डेबिट आत्ताच बंद करा, नाहीतर तुमचा निर्णय व्हायच्या आत 1 लाख 20 हजार खात्यातून गेलेले असतील.