परवाना तपासणी की पाळत?

प्रश्न : हिशेबाचं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलंय. मदरबोर्ड बदलल्यापासून ते पुन्हा परवाना मागतंय. ग्राहकांची खाती तर बाहेर जात नाहीत ना?
– एक दुकानदार, निपाणी

उत्तर : परवाना बहुधा मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्या क्रमांकांवरून काढलेल्या ठशाला बांधलेला असतो. बोर्ड बदलला की ठसा जुळत नाही. सॉफ्टवेअर कंपनीला बिल आणि अनुक्रमांक पाठवून परवाना रीसेट करून घ्या. यापुढे बोर्ड काढण्याआधीच परवाना सरेंडर करा, म्हणजे जुन्या बोर्डावरून सोडवून घ्या. तपासणीला उधारीची खाती लागतच नाहीत. तरी शंका रास्त आहे : २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींनी कॉपी रोखायला संगणकात लपून राहणारं सॉफ्टवेअर घुसवलं होतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा वापर' उघडा. अपडेट, क्लाउड बॅकअप बंद असूनही या सॉफ्टवेअरच्या नावापुढचा आकडा शेकडो एमबी दिसला, तर काय पाठवता, हे कंपनीला लेखी विचारा.