रंग पाठीमागून सुटतो

प्रश्न : मुलं तीन आणि सहा वर्षांची. गेल्या चवथीला आजी-आजोबांच्या बागेसाठी गोटे पोस्टर कलरने रंगवले, वर पारदर्शक नेलपॉलिश लावलं. पंधरा दिवसांत सगळं ओघळलं. यंदा मे महिन्यात आजोळी न्यायला पावसात टिकेल असं काय करावं? – वाचक, फोंडा

उत्तर : पोस्टर कलर वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. वर काहीही फासा, बारीक भेगेतून पाणी शिरतंच. अ‍ॅक्रिलिक घ्या, आणि गोट्यांऐवजी जुनं मंगळुरी कौल. आजोळच्याच छपरावरून उतरवलेलं मिळालं तर फारच छान.

कौल कडक ब्रशने घासा. शेवाळाचा डाग राहिला तर रंग तिथूनच सुटायला लागतो. मग तीन दिवस कडक उन्हात वाळवा. बाहेरच्या भिंतीचा पाण्यात मिसळणारा प्रायमर, दोन पातळ हात, मध्ये चार तास. पांढरा थर नसला तर लाल मातीवर पिवळा रंग मळकट दिसतो. प्रायमर समोरच्याच बाजूला लावा, पाठ कोरी ठेवा. कौल ओल पितं. ती ओल पाठीमागून निघून गेली नाही तर रंगाला पुढे ढकलते आणि फोड येतात.

तीन वर्षांच्या मुलाचा पंजा पन्हळीत लांबीला छापा, कौल आडवं धरलं की मासा तयार: तळवा म्हणजे अंग, बोटं शेपटी, अंगठा पर. पंजा रंगात बुडवू नका, बोटांमधल्या फटी भरून नुसता गोळा उमटतो. स्पंजने रंग थापा, चहाचा अर्धा चमचा पुरतो. साबणपाण्याची बादली आधीच भरून ठेवा, कारण अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत सुकतं. मोठ्या मुलाला खवले आणि डोळा काढू द्या. वाकडे आले तर दुरुस्त करू नका, आजीला तेच हवे असतात.

माळ्यावरचा जुना ऑइल पेंटचा डबा मात्र काढू नका. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, डबा त्याआधीचा असू शकतो.

दोन दिवसांनी बाहेर वापरायच्या व्हार्निशचे दोन हात मोठ्यांनीच, उघड्यावर द्यावेत, मध्ये एक दिवस सोडून. घाई केली किंवा दमट संध्याकाळी लावलं तर थर दुधाळ होतो. म्हणून सगळं २५ मेच्या आत उरका. कौल मातीत रोवू नका, पागोळ्यांखालीही नको. चिऱ्याच्या तुकड्यावर, भिंतीला टेकवून ठेवा.

प्रश्न : रंगवलेल्या मातीच्या कुंडीला तळाशी फोड आले, पांढरी पूडही दिसते. – वाचक, डिचोली

उत्तर : झाडाला घातलेलं पाणी कुंडीच्या अंगातून झिरपतं आणि क्षार बाहेर आणतं. ती पूड त्यांचीच. फक्त काठाखालची चार बोटं रुंद पट्टी रंगवा, किंवा रोप प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती आत बसवा. तळाचं भोक दोन्हींना हवं.